बेचाळीस किलोमीटर आणि एक पावती

(दृश्य : पहाट. वांद्रे-वरळी सागरी सेतू. दिव्यांखाली धावणारी पावलं.)

एरवी या पुलावर पायी चालायला बंदी. दुचाकीलाही मज्जाव. 2009 मध्ये सेतू खुला झाला, पण मुंबईकरांनी तो पाहिला तो गाडीच्या काचेतूनच. जानेवारीतल्या एका रविवारी मात्र इथं माणसं धावतात. काही जण मधेच थांबून सेल्फी काढतात आणि मागून येणाऱ्यांची बोलणी खातात.

मुंबई मॅरेथॉन सुरू झाली 2004 मध्ये. अंतर जगभर असतं तेच, 42.195 किलोमीटर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून निघायचं. मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी, सेतू. मग माहीम, शिवाजी पार्क करत पुन्हा दक्षिण मुंबई.

पेपरात फोटो येतो तो विजेत्यांचा. आपली गोष्ट त्यांच्या बऱ्याच मागून येणाऱ्या एका बाईंची. राहणार डोंबिवली, नोकरी हिशेबखात्यात, वय चाळिशीच्या पुढे. नाव सांगू नका म्हणाल्या. "सोसायटीत आधीच लोक मला बघून लिफ्ट सोडतात."

कारण त्या पैसे मागतात.

(दृश्य : परळ. रुग्णालयाबाहेरचा रस्ता. पिशव्या, थर्मास, एक्स-रेचं पाकीट.)

परळचं टाटा मेमोरियल हे कर्करोगाचं रुग्णालय 1941 पासूनचं. लेकरू आजारी पडलं की बिहार, बंगाल, उत्तर प्रदेशातून अख्खं कुटुंब इथं येतं. उपचार महिनोन्‌महिने चालतात. तोवर या शहरात राहायचं कुठं आणि चूल पेटवायची कुठं? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत अशा पेशंटांची सोय होते. इतरही काही संस्था खोल्या, जेवण, प्रवासखर्च बघतात. त्यातल्याच एकीसाठी बाई धावतात.

मॅरेथॉनचं हे अंग बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. अलीकडच्या वर्षांत दोनशेहून जास्त संस्था या एका शर्यतीतून निधी उभा करतात. संस्थांकडे धावण्याच्या काही जागा असतात. तिथून नंबर घ्यायचा तर ठरलेली रक्कम जमवून द्यावी लागते. ज्यांनी थेट नाव नोंदवलंय, तेही एखादी संस्था निवडून तिच्यासाठी मागू शकतात. बॅनर धरून, फेटे बांधून निघणाऱ्या छोट्या ड्रीम रनला पट्टीचे धावणारे हसतात. पण निधीचा बराच वाटा त्या गर्दीतले कंपन्यांचे संघही आणतात. तेव्हा हसणाऱ्यांनी जरा जपून हसावं.

(दृश्य : ऑगस्ट. पाऊस. एमआयडीसीतला रिकामा रस्ता.)

जानेवारीच्या शर्यतीची तयारी भर पावसात सुरू होते. मंगळवारी वेगाचा सराव, गुरुवारी रमतगमत आठ-दहा किलोमीटर, रविवारी लाँग रन. हा रविवारच खरा. बारा, पंधरा, अठरा असं वाढवत डिसेंबरात बत्तिसापर्यंत जायचं आणि शेवटचे तीन आठवडे अंतर कमी करत पायांना विश्रांती द्यायची. बेचाळीस आधी धावून बघायचे नसतात. शरीरात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरच्या आसपास संपत येते आणि पाय अचानक परक्याचे वाटायला लागतात. म्हणून धावताना खायचं कसं, हेही शिकावं लागतं. बाजारात जेलची पाकिटं मिळतात. बाईंच्या कमरपट्ट्यात बिया काढलेले खजूर आणि चिक्कीचे तुकडे असतात.

घरी आल्यावर त्या आधी बूट बघतात. आतली गादी काढायची, वर्तमानपत्राचे बोळे करून पार टोकापर्यंत कोंबायचे, दोन तासांनी ते काढून नवे कोंबायचे. पंख्याखाली बूट, दोरीवर मोजे, अंगठ्याचं नख काळंनिळं. ते जानेवारीपर्यंत पडणार, हे त्यांना माहीत आहे.

(दृश्य : मोबाइलचा पडदा. दोन निळ्या टिका. उत्तर नाही.)

आता अवघड भाग.

बाईंचा पहिला मेसेज लांबलचक होता. संस्थेची माहिती, फोटो, लिंक, शेवटी हात जोडलेले. ग्रुपवर चाळीस अंगठे आले. पैसे आले दोघांचे, त्यातला एक सख्खा भाऊ.

गणपतीची वर्गणी मागायला आपण पाच जण जातो, हातात पावतीपुस्तक असतं आणि समोरच्यालाही आरतीला यायचं असतं. इथं एकटीनं मागायचं, तेही ज्यांना आपण कधी बघणार नाही अशांसाठी. उत्तरं ठरलेली. "बघतो." "महिनाअखेर आहे." एका सहकाऱ्यानं सरळच विचारलं, "तुम्ही पळणार तर पळा, पैसे आम्ही का द्यायचे?"

प्रश्न रास्त आहे. धावल्यानं कुणाचा आजार बरा होत नाही. पण नुसतं मागणाऱ्याला टाळता येतं; चार महिने पहाटे उठून, नख घालवून मागणाऱ्याला टाळताना माणूस थोडा अडखळतो. तेवढंच. गाडगेबाबांनी स्वतःपाशी खापर आणि खराटा ठेवला आणि लोकांच्या देणग्यांतून धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्यापाशी कीर्तन होतं. बाईंपाशी पाय आहेत आणि व्हॉट्सअॅप.

मग त्यांनी मेसेज बदलला. ग्रुप सोडला, एकेकाला नावानं लिहिलं. किलोमीटरला शंभर रुपये. पाच किलोमीटर घ्या, दहा घ्या, सगळे घेतले तर चार हजार दोनशे. कोणी "शेवटचे दोन माझे" म्हणालं. ऑफिसच्या वॉचमननं पन्नासची नोट पुढे केली, "अर्धा किलोमीटर लिहा." ती बाईंनी स्वतःच्या खात्यातून ऑनलाइन भरली. बूट आणि प्रवेश फी त्यांच्या खिशातली. देणगीतला पैसा संस्थेचा.

(दृश्य : मध्यरात्रीनंतरचं डोंबिवली स्टेशन. लोकल.)

मॅरेथॉनच्या दिवशी रेल्वे पहाटेच्या खास लोकल सोडते. डब्यात सगळे शर्टावर नंबर लावलेले, कोणी व्हॅसलीन चोळतंय, कोणी केळं सोलतंय.

पेडर रोडचा चढ जाताना अंधारात लागतो, तेव्हा तो कळतही नाही. येताना तोच चढ पस्तिसाव्या किलोमीटरच्या पुढेमागे येतो, डोक्यावर ऊन असतं. कडेला मिठाच्या चिमटीसह संत्र्याच्या फोडी, दुखऱ्या पोटऱ्यांवर मारायचा स्प्रे, थाळ्या वाजवणाऱ्या आज्या. बाई इथं चालतात. वॉचमनचा अर्धा किलोमीटर त्यांनी याच चढावर ठेवलाय, तेवढा मात्र पळत काढतात.

साडेपाच तासांच्या जरा पुढे त्यांची शर्यत संपते.

निधीचं काम संपत नाही. दुसऱ्या दिवशी पदकाचा फोटो पाठवायचा. "बघतो" म्हणालेले काही जण तेव्हाच देतात. मग कराचे प्रश्न. देणगीवरची आयकराची वजावट जुन्या कररचनेतच मिळते, आणि बहुतेक संस्थांच्या बाबतीत निम्म्याच रकमेवर. दोन हजारांवर रोख दिली तर तीही नाही. संस्थेकडून प्रमाणपत्र येतं मेअखेरपर्यंत.

मे महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. लिफ्ट सोडणाऱ्यांत तेही होते. शर्यतीनंतर त्यांनी पुरे बेचाळीस किलोमीटर घेतले होते.

"प्रमाणपत्रावर माझ्या पॅनचं एक अक्षर चुकलंय. तेवढं दुरुस्त करून घे. आणि पुढच्या वर्षी जरा लवकर सांग, मार्चच्या आत बसवायला बरं पडतं."