नाव ठेवणं, नावं ठेवणं

[पडद्यावर: काळ्या पार्श्वभूमीवर जुन्या सी कोडच्या ओळी. एका ओळीवर कर्सर लुकलुकतो.]

"हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही."

वाटतं की एखादे तापट मास्तर वर्गात बोलले असतील. पण ही ओळ आहे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सहाव्या आवृत्तीच्या कर्नलमधली, म्हणजे तिच्या गाभ्यातली, १९७५ सालची. एक प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, बाजूला ठेवून दुसरीला प्रोसेसर द्यायचा, हे काम करणाऱ्या फंक्शनमधली ही कमेंट, म्हणजे वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेली टीप. त्या फंक्शनचं नावही बघण्यासारखं आहे: एस, डब्ल्यू, टी, सी, एच. 'स्विच'मधला आय गायब. 'स्विच' हा सी भाषेचा स्वतःचा राखीव शब्द, तो फंक्शनला देता येत नाही. मग काढून टाकलं एक अक्षर.

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी हा जवळपास नऊ हजार ओळींचा कर्नल विद्यार्थ्यांसाठी छापला, प्रत्येक ओळीला क्रमांक दिला आणि सोबत स्वतःची टीका लिहिली. टीका म्हणजे ज्ञानेश्वरी ज्या अर्थानं गीतेवरची टीका, त्या अर्थानं. आपल्या त्या कमेंटला क्रमांक मिळाला २२३८. पुढे सातव्या आवृत्तीच्या परवान्यानं कोड वर्गात शिकवायलाच मनाई केली. मग झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स, असं करत ते पुस्तक जगभर फिरलं. रीतसर प्रकाशित व्हायला १९९६ उजाडलं.

[पडद्यावर: सी-आर-ई-ए-टी ही पाच अक्षरं. शेवटी एक रिकामी चौकट.]

आता हे नाव बघा. नवी फाइल तयार करणारा सिस्टिम कॉल, म्हणजे प्रोग्रामनं कर्नलकडे करायची मागणी. 'क्रिएट', पण शेवटचा ई नाही. युनिक्स पुन्हा लिहायचं झालं तर काय बदलाल, असं युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्प्सन यांना विचारलं होतं. ते म्हणाले, 'क्रिएट'ला ई लावीन.

बरेच जण याचं खापर जुन्या लिंकरवर, म्हणजे कोडचे तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामवर, फोडतात. युनिक्स तेव्हा ज्यावर चालायचं त्या पीडीपी-११ संगणकावर नावाची आठच अक्षरं धरली जायची, हे खरं. त्यातलं एक कंपायलर (कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) स्वतः पुढे जोडत असलेल्या अंडरस्कोरमध्ये जायचं, हेही खरं. पण हिशेब करा: 'क्रिएट'ची सहा अक्षरं आणि एक अंडरस्कोर, झाली सात. ई आरामात बसला असता. काटकसर हातात मुरली होती, एवढंच.

दुसऱ्या एका सवयीमागे मात्र खरंच सक्ती होती. फाइलची माहिती ठेवणारा जो आयनोड, त्याच्या प्रत्येक घटकाच्या नावापुढे 'आय' आणि अंडरस्कोर. प्रोसेसच्या घटकांपुढे 'पी' आणि अंडरस्कोर. का? सुरुवातीच्या सी भाषेत सगळ्या स्ट्रक्चरांच्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या माहितीच्या गठ्ठ्यांच्या, घटकांची नावं एकाच पोत्यात असायची. दोन वेगळ्या स्ट्रक्चरांमध्ये वेगळ्या जागी असलेल्या घटकांना 'साइझ' हे एकच नाव दिलं, की गोंधळ. म्हणून घराण्याचं अक्षर आधी, नाव नंतर. भाषेनं ही अट केव्हाच काढून टाकली. युनिक्सच्या धर्तीवरचं लिनक्स सुरू झालं १९९१ मध्ये, म्हणजे त्याला ही गरज नव्हतीच. तरी आज लिनक्सचा आयनोड उघडा, 'आय-अंडरस्कोर-साइझ' तिथे बसलेलं आहे. लाखो ओळींत नुसतं 'साइझ' शोधून बघा, मग ते 'आय' किती कामाचं आहे ते कळतं.

[पडद्यावर: लिनक्स कर्नलच्या कोडिंग स्टाइलचं पान.]

लिनक्स कर्नलसोबत कोड कसा लिहावा याचा दस्तऐवज येतो. लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स यांच्या तिखट शैलीतला. सुरुवातीलाच सल्ला आहे की ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचे कोडिंगचे नियम छापून घ्या, वाचू नका, जाळा. नावांबद्दल त्यात सांगितलंय ते असं: फंक्शनच्या आतल्या तात्पुरत्या व्हेरिएबलला लांबलचक नाव कशाला, 'टेम्प' म्हणा आणि पुढे चला. पण जे नाव सगळ्या कर्नलला दिसणार, ते पुरतं बोललं पाहिजे. 'काउंट ॲक्टिव्ह यूजर्स' लिहा, 'सीएनटी-यूएसआर' नको. व्हेरिएबलचा प्रकार नावात कोंबणाऱ्या हंगेरियन पद्धतीला तर त्यांनी भरपूर नावं ठेवली आहेत. प्रकार कंपायलरला ठाऊक असतोच, गोंधळतो तो माणूस.

कमेंटबद्दलचा नियम: कोड काय करतो ते लिहा, कसं करतो ते नको. कसं ते समजावून सांगावं लागत असेल, तर कोडच नीट लिहा. मला हे पूर्ण पटत नाही. मेमरी बॅरियरचंच बघा. प्रोसेसरनं वाचण्या-लिहिण्याचा क्रम उलटापालटा करू नये म्हणून घातलेली ती एक ओळ. तिची जोडीदार ओळ कदाचित भलत्याच फाइलमध्ये असते. कोड कितीही सुबक लिहा, ही जोडी नजरेला दिसत नाही. म्हणूनच कर्नलची तपासणी करणारी स्क्रिप्ट, चेकपॅच, कमेंटशिवाय बॅरियर दिसला की कुरकुर करते.

आणि एक कमेंट तर चक्क बढती मिळून कोड झाली. सी भाषेचा 'स्विच' अनेक पर्यायांतला, म्हणजे केसांतला, एक निवडतो. त्यात एक केस संपून पुढच्या केसमध्ये घरंगळायचं असेल, तर लोक तिथे 'फॉल थ्रू' अशी कमेंट लिहायचे. विसरून नाही, मुद्दाम केलंय, हे सांगायला. २०१७ मध्ये जीसीसी हा कंपायलर ती कमेंट वाचायला लागला. क्लँग हा दुसरा कंपायलर मात्र वाचेना. शेवटी २०२० मध्ये कर्नलभर त्या कमेंटा पुसून तिथे 'फॉलथ्रू' हा खराखुरा शब्द आला, ज्याला शेवटी अर्धविराम लागतो.

[पडद्यावर: पुन्हा ओळ क्रमांक २२३८.]

त्या उर्मट वाटणाऱ्या ओळीचा खुलासा थॉम्प्सन यांचे युनिक्समधले सहकारी डेनिस रिची यांनी नंतर केला. 'हे परीक्षेला येणार नाही' अशा सुरात ती लिहिली होती, आव्हान म्हणून नव्हे. आणि ते म्हणाले, खरी अडचण ही, की तिथे काय चाललंय ते आम्हालाही कळलं नव्हतं.

एका फंक्शननं स्वतःची स्थिती साठवायची आणि परतायचं मात्र दुसऱ्याच फंक्शनच्या शेवटातून, असा तो खेळ होता. पीडीपी-११ वर कंपायलर प्रत्येक फंक्शनमध्ये रजिस्टर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागांतली माहिती, एकाच पद्धतीनं साठवायचा, म्हणून चालून गेलं. युनिक्स इंटरडेटा या कंपनीच्या यंत्रावर न्यायला घेतलं, तिथे परतीचा कोड फंक्शनागणिक बदलायचा. डाव कोसळला. सातव्या आवृत्तीसाठी थॉम्प्सन आणि रिची यांनी तो भाग नव्यानं लिहिला आणि कमेंट गेली. कुठलाही प्रोग्राम त्यामुळे अडला नाही.

ई नसलेलं नाव असं काढता आलं नाही. त्यावर विसंबलेले प्रोग्राम जगभर होते. लिनक्समध्ये २०२० साली काही खटकणाऱ्या शब्दांना पर्याय सुचवले गेले, तेव्हाही बाहेरच्या प्रोग्रामांशी ठरलेल्या नावांना सूट ठेवावी लागली.

[पडद्यावर: ६४ बिटी एक्स८६ प्रोसेसरवरच्या लिनक्सच्या सिस्टिम कॉलची यादी सरकत जाते आणि थांबते.]

क्रमांक ८५. सी, आर, ई, ए, टी. फाइल उघडणाऱ्या 'ओपन'ला 'नसेल तर तयार कर' असं सांगणारा फ्लॅग, म्हणजे खूण, नंतर आलेला. त्यालाही ई नाही.