होम रनचा आवाज

श्रोतेहो, नमस्कार.

आज बेसबॉलबद्दल बोलायचं आहे, आणि तेही एकाच फटक्याबद्दल. होम रन. आपल्या षटकाराचा सख्खा भाऊच म्हणा ना. पिचरनं टाकलेला चेंडू बॅटरनं थेट कुंपणापार भिरकावला की तो चारही बेसना, म्हणजे धावताना गाठायच्या चार ठरलेल्या ठिकाणांना, पाय लावत, कुणाची घाई नसल्यासारखा, चक्कर पुरी करून पुन्हा घरी येतो. त्याच्या आधी बेसवर अडकून पडलेले गडीही सुटतात. म्हणजे एका फटक्याला एकापासून चारपर्यंत धावा. ज्या खेळात चार-पाच धावांवर सामना जिंकला जातो, तिथे ही केवढी मोठी गोष्ट!

मी हा इतिहास कानानं सांगणार आहे. आकाशवाणीवर बसून तो तसाच सांगावा असं मला वाटतं, कारण होम रन आणि रेडिओ बरोबरीनं मोठे झाले.

सुरुवातीला मात्र या फटक्याला फारसा मान नव्हता. १८७६ साली नॅशनल लीग ही व्यावसायिक संघांची स्पर्धा सुरू झाली आणि तिथला पहिला होम रन शिकागोच्या रॉस बार्न्सनं मारला. तो चेंडू कुंपणाबाहेर गेलाच नव्हता. मैदानातच लांब गेला आणि क्षेत्ररक्षकानं तो परत फेकेपर्यंत बार्न्स धावत घरी पोहोचला. पुढची कित्येक वर्षं खेळ असाच चालला: हलका फटका, चोरलेला बेस, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून गाठलेला पुढचा बेस, एकेक धाव जोडत जाणं. सामनाभर बहुधा एकच चेंडू वापरत. तो थुंकी, चिखल आणि तंबाखूनं काळा पडे, मऊ होई. १९११ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढतीत, फ्रँक बेकरनं दोन होम रन मारले, तेवढ्यावर लोक त्याला जन्मभर ‘होम रन बेकर’ म्हणत राहिले. या बेकरनं एका हंगामात बारापेक्षा जास्त होम रन कधीच मारले नाहीत.

मग १९२० साल आलं. ऑगस्ट महिना, न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. पिचर कार्ल मेजचा चेंडू क्लीव्हलँडचा फलंदाज रे चॅपमन याच्या डोक्यावर आदळला. ‘टक्’ असा आवाज इतका खणखणीत आला, की मेजला वाटलं चेंडू बॅटलाच लागला. त्यानं पुढे होऊन तो उचलला आणि पहिल्या बेसकडे फेकलाही. चॅपमनला बहुधा तो मळका चेंडू दिसलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. त्यानंतर पंच चेंडू मळला की लगेच बदलू लागले. चेंडूला थुंकी लावण्यावर त्याच वर्षी बंधनं आली होती. फलंदाजासमोर आता पांढरा, कोरा, कडक चेंडू येऊ लागला. होम रनचं युग या मृत्यूला लागूनच सुरू झालं, हे मला त्या खेळाच्या इतिहासातलं सर्वांत जड पान वाटतं.

आणि त्याच हंगामात बेब रूथ नावाचा माणूस बॉस्टनहून न्यूयॉर्क यांकीज संघात आला होता. त्यानं त्या वर्षी ५४ होम रन मारले. अमेरिकन लीगमधल्या उरलेल्या सात संघांपैकी एकाही अख्ख्या संघाला तेवढे जमले नाहीत! पुढच्या वर्षी ५९. त्याच वर्षी, ५ ऑगस्ट १९२१ रोजी, पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रावरून हॅरॉल्ड आर्लिन यांनी बेसबॉल सामन्याचं रेडिओवरचं पहिलं समालोचन केलं. मैदानापासून शेकडो मैलांवरचा माणूस आता घरात बसून चेंडूमागे कान लावून धावू शकत होता.

१९२७ च्या सप्टेंबरअखेर रूथनं हंगामातला साठावा होम रन मारला. त्याच्या दहा महिने आधी, १९२६ च्या डिसेंबरात, मुंबईच्या जिमखान्यावर नागपूरच्या सी. के. नायडूंनी एमसीसीविरुद्ध १५३ धावा केल्या, त्यात अकरा षटकार होते. मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं ते १९२७ च्या जुलैत. नायडूंच्या त्या अकरा फटक्यांचा आवाज कुठल्याच माईकनं पकडला नाही, ही रुखरुख मला नेहमी लागते.

तसा आवाज कानात साठवून ठेवणारा एक माणूस अमेरिकेत होता. बक ओनील. लहानपणी फ्लोरिडात एका मैदानाबाहेर उभा असताना त्यानं रूथच्या बॅटचा आवाज ऐकला. पुढे तो स्वतः खेळाडू झाला आणि वॉशिंग्टनच्या मैदानावर खेळाडूंच्या खोलीत असताना त्याला पुन्हा अगदी तोच आवाज आला. तो अर्ध्या कपड्यांनिशी धावत बाहेर आला. फलंदाजी करत होता जॉश गिब्सन. गिब्सन आणि ओनील दोघेही कृष्णवर्णीय, म्हणून दोघेही निग्रो लीगमध्ये खेळत. मोठ्या लीगचे दरवाजे त्यांना बंद होते. जॅकी रॉबिन्सननं १५ एप्रिल १९४७ रोजी ते दार उघडलं. गिब्सन त्याच वर्षीच्या जानेवारीत, पस्तिसाव्या वर्षी वारला होता.

१९५१ चा ३ ऑक्टोबर. न्यूयॉर्क जायंट्स आणि ब्रुकलिन डॉजर्स यांचा निर्णायक सामना. शेवटच्या डावात जायंट्सच्या बॉबी थॉमसननं होम रन मारला आणि हातचा गेलेला सामना ५-४ असा जिंकून दिला. समालोचक रस हॉजेस यांचा आवाज फाटला. ‘जायंट्स जिंकले’ हे एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा ओरडत राहिले. तेव्हा केंद्रं प्रसारण जपून ठेवत नसत. पण ब्रुकलिनच्या एका श्रोत्याला कामावर जायचं होतं, म्हणून तो आईला सांगून गेला होता, शेवटी शेवटी टेपरेकॉर्डर चालू कर. त्या माउलीनं बटण दाबलं, म्हणून तो आवाज आज आपल्याला ऐकू येतो.

हा थॉमसन पुढे मिल्वॉकी ब्रेव्हज संघात गेला आणि १९५४ च्या सरावात त्याचा घोटा मोडला. त्याच्या जागी वीस वर्षांचा एक मुलगा उभा राहिला. हेन्री एरन, सगळे म्हणायचे हँक. अलाबामातल्या मोबाइल गावचा. त्याच्या दोन वर्षं आधी तो निग्रो लीगच्या संघातून देश फिरत होता, तेव्हा वॉशिंग्टनमधल्या एका खाणावळीत हे खेळाडू जेवले. जेवण झालं, आणि आतून आवाज येऊ लागला. ज्या बशांत ते जेवले होते, त्या बशा स्वयंपाकघरात फोडल्या जात होत्या. श्रोतेहो, तो आवाज म्हणजे काय, हे आपल्या देशात कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

एरननं एका हंगामात ४७ च्या वर होम रन कधी मारले नाहीत. पण तो वर्षामागून वर्षं मारत राहिला. १९७३ चा हंगाम संपला तेव्हा तो ७१३ वर होता. रूथचा एकूण विक्रम ७१४. त्या हिवाळ्यात त्याला पोत्यांनी पत्रं आली. पुष्कळ कौतुकाची होती, पण पुष्कळांत शिव्या होत्या आणि जिवे मारण्याच्या धमक्या होत्या. ती धमक्यांची पत्रं त्यानं फेकली नाहीत, जपून ठेवली.

नंतर आकडे आणखी वर गेले. जपानच्या सदाहारू ओह यांनी एक पाय उचलून उभं राहण्याच्या त्यांच्या त्या विलक्षण ढंगात ८६८ मारले. १९९८ मध्ये मार्क मॅग्वायरनं हंगामात ७०, २००१ मध्ये बॅरी बाँड्सनं ७३ मारले. बाँड्स कारकिर्दीत ७६२ पर्यंत गेला. त्या काळावर उत्तेजकांचं सावट आहे, आणि मला त्या आकड्यांपाशी थांबावंसं वाटत नाही. मला परत एरनकडे जायचं आहे, अटलांटाला; ब्रेव्हज संघ तोवर मिल्वॉकीहून तिथे गेला होता.

८ एप्रिल १९७४. मैदानात त्रेपन्न हजारांवर माणसं. चौथा डाव. डॉजर्सच्या अल डाउनिंगनं चेंडू टाकला, एरननं मारला, आणि चेंडू डावीकडच्या कुंपणापलीकडे गेला. ७१५. डॉजर्सच्या रेडिओवर समालोचक होते व्हिन स्कली. चेंडू गेला एवढं त्यांनी सांगितलं आणि ते गप्प झाले. कितीतरी वेळ एक शब्द नाही. माईक चालू, आणि त्यातून फक्त लोकांचा गजर, आतषबाजीचा आवाज. मग ते बोलले, ते एवढंच, की अमेरिकेच्या अगदी दक्षिणेत एका काळ्या माणसासाठी लोक उभे राहून टाळ्या वाजवताहेत.

घराच्या बेसपाशी एरनची आई गर्दीतून पुढे आली आणि तिनं त्याला घट्ट मिठी मारली. थोड्या वेळानं त्याच्यापुढे माईक धरला गेला. सगळं मैदान ऐकत होतं.

तो म्हणाला, देवाची कृपा, संपलं एकदाचं.