समुद्राचे वाटे : ब्रिटिश कोलंबियातील हॅलिबट आणि हौशी मासेमारांचे गाऱ्हाणे

होडीच्या कठड्यालगत, पाण्यातच आडवा धरून या हॅलिबट माशाला मोजपट्टी लावली जात आहे. तोंडापासून शेपटीपर्यंतची लांबी ठरलेल्या मर्यादेत भरली, तर तो होडीत घेता येईल. दोन बोटे जास्त भरली, तर गळ सोडवून त्याला पुन्हा पाण्यात सोडणे भाग आहे. होडीत घेतलाच, तर हात पुसायच्या आधी परवान्यावर त्याची नोंद करावी लागते. २०१७ च्या हंगामात ही कमाल लांबी १३३ सेंटिमीटर होती, २०१८ मध्ये ती ११५ सेंटिमीटरवर आणली गेली. या दोन्ही वर्षी एका माणसाला दिवसाला एक आणि वर्षभरात सहा हॅलिबट, एवढीच मुभा होती. अठरा सेंटिमीटरचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण लांबीतल्या तेवढ्या घटीने या माशाचे वजन एक तृतीयांशाहून अधिक कमी होते आणि सरकारी हिशेब वजनाचाच असतो.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात गेली वीसहून अधिक वर्षे चाललेला एक वाद या मोजपट्टीच्या मागे आहे. समुद्रातला मासा कोणाचा, आणि त्याची वाटणी कोणी, कोणत्या न्यायाने करायची, हा तो व्यावसायिक आणि हौशी मासेमारांमधला वाद.

आधी माशाची ओळख करून घेऊ. पॅसिफिक हॅलिबट हा चपट्या माशांच्या कुळातला, म्हणजे आपल्या कोकणातल्या लेप आणि भाकस यांचा लांबचा नातलग. मात्र आकाराने त्यांच्या कितीतरी पट मोठा. पिल्लू असताना त्याचे डोळे इतर माशांसारखे दोन बाजूंना असतात. वाढता वाढता डावा डोळा सरकत उजव्या बाजूला येतो आणि मासा एका कुशीवर पडून समुद्राच्या तळाशी राहू लागतो. वरची बाजू तळाच्या रंगाची, खालची पांढरी. हा मासा पन्नास वर्षांहून अधिक जगू शकतो आणि दोनशे किलोंच्याही पुढे जातो. एवढी वाढ मादीचीच होते. तिला प्रजननक्षम व्हायला सुमारे बारा वर्षे लागतात आणि मोठी मादी एका हंगामात लाखो अंडी घालते. त्यामुळे कमाल लांबीची अट वरवर जाचक वाटली, तरी ती वयस्क माद्यांना जीवदान देते, आणि हे बहुतेक हौशी मासेमार मनापासून मान्य करतात. त्यांचे गाऱ्हाणे वेगळे आहे.

व्हिक्टोरिया, सूक, पोर्ट रेनफ्रू, युक्लूलेट, प्रिन्स रूपर्ट, हायडा ग्वाय बेटे. या किनाऱ्यावर गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला जाणे हा कुटुंबाचा रिवाज आहे. व्हिक्टोरियासमोरच्या हुआन दे फुका सामुद्रधुनीत प्रवाह इतका ओढीचा असतो की उधाणाच्या दिवसांत वजन तळाला टिकत नाही, म्हणून जाणकार भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असलेले दिवस पाहून निघतात. पाणी ओढ धरायचे थांबते, तेवढ्या अवधीत होडी नांगरायची, हेरिंगचे, माखलीचे किंवा सामन (सॅल्मन) माशाच्या पोटाकडच्या कातडीचे आमिष लावायचे आणि साठ-ऐंशी मीटर खोल तळावर वजन ठेवून वाट पाहायची. कधी मासा लागतो, बहुतेकदा लागत नाही. ज्याला लागतो, त्याच्या घरी पुढचे काही महिने पांढरे, घट्ट, बिनवासाचे मांस असते आणि शेजाऱ्यांकडेही वाटा जातो. समुद्रात मासेमारी करण्याचे असे सुमारे तीन लाख हौशी परवाने या प्रांतात दरवर्षी निघतात. छोट्या गावांतली राहण्याची ठिकाणे, भाड्याच्या होड्या, इंधनपंप आणि आमिषाची दुकाने यांच्याच आधाराने चालतात.

या माशावर पहिला हक्क मात्र यांपैकी कोणाचाही नाही. हायडा, नू-चा-नुल्थ आणि इतर किनारी मूळ रहिवासी हजारो वर्षांपासून हॅलिबट धरत आले आहेत. संग्रहालयात जपलेला त्यांचा जुना गळ नीट पाहा. लाकडाचे दोन तुकडे कोनात बांधलेले, आत रोवलेला हाडाचा अणकुचीदार काटा, आणि तळाकडच्या अंगावर कोरलेली आकृती. पाण्यात ती खाली, म्हणजे येणाऱ्या माशाकडे तोंड करून राही. काट्याचा कोन असा की फार लहान मासा त्यात अडकत नाही आणि फार मोठ्याचे तोंड त्यात शिरत नाही. ज्या आकाराचा मासा खायला हवा, तोच लागावा, ही व्यवस्था सरकारी मोजपट्टीच्या कितीतरी आधीची आहे. १९९० मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पॅरो खटल्यात निकाल दिला की, माशांचे संवर्धन साधल्यानंतर पहिला मान मूळ रहिवाशांच्या अन्नासाठी, सामाजिक आणि धार्मिक कार्यांसाठी होणाऱ्या मासेमारीचा आहे. तो वाटा आधी बाजूला काढला जातो. वाद आहे तो उरलेल्याचा.

एकूण किती मासे धरायचे, हे ठरवण्यासाठी कॅनडा आणि अमेरिका यांनी १९२३ मध्ये करार करून एक आयोग स्थापन केला. तोच आज आंतरराष्ट्रीय पॅसिफिक हॅलिबट आयोग म्हणून ओळखला जातो आणि त्याचे कार्यालय सिएटलमध्ये आहे. आयोगाची वार्षिक बैठक होते, शास्त्रज्ञ साठ्याचा अंदाज मांडतात आणि प्रत्येक विभागाची मर्यादा ठरते. ब्रिटिश कोलंबिया म्हणजे त्यांच्या नकाशावरचा '२ बी' विभाग. त्या विभागाच्या वाट्याची व्यावसायिक आणि हौशी यांच्यात विभागणी कॅनडाचे मत्स्यव्यवसाय मंत्री करतात. मत्स्यव्यवसाय कायदा मूळचा १८६८ चा, आणि परवान्यांच्या बाबतीत त्याने मंत्र्यांच्या हाती फार मोठी मोकळीक दिलेली आहे.

आजच्या तक्रारीचे मूळ १९९१ च्या एका निर्णयात आहे. त्यापूर्वी व्यावसायिक हंगाम सर्वांना एकदम खुला असे आणि मर्यादा भरली की बंद होई. त्यामुळे सगळ्या होड्या एकाच वेळी धाव घेत. १९८० मध्ये ६५ दिवस चाललेला हंगाम १९९० मध्ये सहा दिवसांवर आला होता. वादळ असो वा नसो, त्या सहा दिवसांत समुद्रात उतरावेच लागे. माणसे जिवावर उदार होऊन जात आणि एकदम आलेला मासा गोठवून ठेवण्यावाचून इलाज नसे. १९९१ मध्ये प्रत्येक परवानाधारक होडीला टक्केवारीत ठरावीक वाटा देण्यात आला. त्याची ७० टक्के आकारणी १९८६ ते १९८९ मधील त्या होडीच्या सर्वोत्तम वर्षावर आणि ३० टक्के होडीच्या लांबीवर होती. हंगाम महिनोन्‌महिने चालू लागला, ताजा मासा बाजारात येऊ लागला, जीव वाचले. या सुधारणेचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल.

परंतु तो वाटा सुमारे ४३५ परवान्यांना विनामूल्य मिळाला आणि नंतर तो हस्तांतरणीय झाला. म्हणजे तो विकता येऊ लागला, भाड्याने देता येऊ लागला. कालांतराने असे कोटाधारक तयार झाले, जे स्वतः समुद्रात जातच नाहीत. कोटा भाड्याने घेणारा मासेमार थंडीवाऱ्यात राबतो आणि माशाच्या किमतीतला मोठा भाग त्यांना देतो. कॅनडाच्या संसदेच्या मत्स्यव्यवसाय समितीने २०१९ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील अहवालात या भाडेपद्धतीची गंभीर दखल घेतली, ती उगाच नव्हे. हौशी मासेमार विचारतात, की सर्वोच्च न्यायालयानेच १९९७ मध्ये मासे ही सर्व कॅनेडियन जनतेची सामाईक संपत्ती असल्याचे म्हटले असताना, त्या संपत्तीचे भाडे काही मोजक्या लोकांनी कोणत्या अधिकाराने घ्यावे? या प्रश्नाला गेल्या तीन दशकांत कोणत्याही मंत्र्याकडून सरळ उत्तर मिळालेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

२००३ मध्ये तत्कालीन मंत्री रॉबर्ट थिबो यांनी उरलेल्या वाट्याची विभागणी जाहीर केली : व्यावसायिकांना ८८ टक्के, हौशींना १२ टक्के. त्या वेळी साठा भरभराटीत होता. २००४ मध्ये २ बी विभागाची मर्यादा १ कोटी ३८ लाख पौंड होती आणि त्यातले १२ टक्के कोणाला टोचत नव्हते. पुढे साठा घसरला. २०१० पर्यंत मर्यादा ७५ लाख पौंडांवर आली आणि हौशींचा वाटा साडेसोळा लाखांवरून नऊ लाख पौंडांवर उतरला. गरी टाकणाऱ्यांची संख्या मात्र त्या प्रमाणात घटत नसते. व्यावसायिक होडीचा कोटा घटला, तर ती कमी दिवस जाते, भाव चढला तर थोडी भरपाईही होते. लाखो माणसांच्या सामाईक वाट्याचे तसे नाही. तो कोणी किती वापरला, हे कोणाच्याच हाती नसते. तो संपला की सगळ्यांसाठी एकदम दार बंद होते. २०११ मध्ये सप्टेंबरच्या सुरुवातीलाच हंगाम आटोपला. २०१७ मध्येही सप्टेंबरमध्ये मध्येच बंदी आली. शरद ऋतूतल्या सहलींसाठी आगाऊ पैसे घेतलेल्या छोट्या होडीवाल्यांना ग्राहकांचे पैसे परत करण्यावाचून मार्ग उरत नाही, आणि निवृत्तीनंतर हातात वेळ आल्यावर होडी घेतलेल्या माणसाला धक्क्यावर उभे राहून शांत समुद्र नुसता पाहावा लागतो.

फेब्रुवारी २०११ मध्ये मंत्री गेल शी यांनी एक प्रायोगिक योजना आणली. तिच्यानुसार हौशी मासेमार किंवा सहली नेणारा होडीवाला व्यावसायिक कोटाधारकाकडून त्याच्या कोट्यातले काही पौंड मासे बाजारभावाने भाड्याने घेऊ शकतो आणि त्या पौंडांपुरती हौशी बंदी किंवा लांबीची मर्यादा त्याला लागू होत नाही. श्रीमंत पाहुण्यांच्या निवासांना ही सोय झाली. ज्याची चौदा फुटी होडी आणि बेताचे निवृत्तिवेतन आहे, त्याला मात्र ती डागणी वाटली. आपल्याच माशासाठी भाडे, तेही सरकारला नव्हे, तर तो मासा फुकट मिळालेल्याला! या संतापात अतिशयोक्ती नाही. १७ फेब्रुवारी २०१२ रोजी मंत्री कीथ अॅशफील्ड यांनी विभागणी ८५ आणि १५ टक्के अशी बदलली. त्या वर्षीच्या सुमारे ७० लाख पौंडांच्या मर्यादेत तीन टक्के म्हणजे जेमतेम २ लाख १० हजार पौंड. हौशींना ते अपुरे वाटले आणि व्यावसायिकांना अन्यायकारक.

व्यावसायिकांची बाजूही इथे पूर्ण ऐकली पाहिजे. आजचे अनेक कोटाधारक १९९१ चे मूळ लाभार्थी नाहीत. त्यांनी कर्ज काढून, घर गहाण ठेवून कोटा विकत घेतलेला आहे आणि मोबदल्याशिवाय तीन टक्के काढून घेणे म्हणजे त्यांच्या हप्त्यांवर घाला होता. एका व्यावसायिक मासेमाराने या निर्णयाला न्यायालयात आव्हान दिले. २०१४ मध्ये संघीय अपील न्यायालयाने ते फेटाळले आणि असा निर्णय घेण्याचा मंत्र्यांचा अधिकार मान्य केला. शिवाय ज्या कॅनेडियन माणसाकडे ना होडी आहे ना परवाना, त्याच्या ताटात हॅलिबट पोहोचतो तो व्यावसायिकांमुळेच. आणि त्यांचा सर्वांत वजनदार मुद्दा मोजणीचा. २००६ पासून त्यांच्या प्रत्येक फेरीवर कॅमेऱ्याची किंवा निरीक्षकाची नजर असते आणि धक्क्यावर उतरणारा प्रत्येक मासा मोजला जातो. हौशींचा आकडा धक्क्यावरच्या नमुना-पाहण्या, निवासांच्या नोंदवह्या आणि इंटरनेटवरची प्रश्नावली यांवरून बांधलेला अंदाज असतो. हा अंदाज चुकला, तर त्याची झळ साठ्याला बसते. वाटा वाढवून मागणाऱ्याने मोजणीची जबाबदारीही घेतली पाहिजे, हे व्यावसायिकांचे म्हणणे आम्हाला पटते. हौशी संघटनांनी इथे अधिक पुढाकार घ्यायला हवा होता.

मग वाट कोणती? शेजारच्या अलास्कात हाच तंटा होता. तिथे सहली नेणाऱ्या होड्यांच्या ग्राहकांसाठी एक सामाईक संस्था असावी आणि तिने विकायला तयार असलेल्या व्यावसायिकांकडून ठरावीक मर्यादेपर्यंत कोटा कायमचा विकत घ्यावा, असा नियम २०१८ मध्ये झाला. त्यासाठी ग्राहकांकडून शुल्क घेण्याची परवानगी अमेरिकन काँग्रेसने डिसेंबर २०२२ मध्ये दिली. यात कोणाचा वाटा हिसकावला जात नाही, कर्ज काढलेल्याला पैसे मिळतात आणि घेतलेला कोटा पुन्हा भाड्याच्या बाजारात न जाता सामाईक राहतो. ब्रिटिश कोलंबियात याला लागणारी यंत्रणा अगदीच अनोळखी नाही. तिथे सामन घरी नेऊ इच्छिणाऱ्याला परवान्यासोबत संवर्धन तिकीट घ्यावे लागते आणि तो पैसा सामनच्या पुनरुज्जीवनाला लागतो. हॅलिबटसाठीही तसे तिकीट असावे, ही सूचना रास्त आहे. परवान्यामागे थोडे डॉलर द्यायला बहुतेक गरवणारे का-कू करणार नाहीत, मात्र त्यातून घेतलेला कोटा सार्वजनिक मालकीचा राहील आणि पुढचा मंत्री तो एका पत्रकाने फिरवू शकणार नाही, याची हमी कायद्यातच लिहिलेली असली पाहिजे. तसे तिकीट काढायचे, तर निर्णय ओटावातल्या संघीय सरकारला घ्यावा लागेल, आणि पहिली काही वर्षे जमलेल्या पैशातून फारच थोडे पौंड विकत घेता येतील.