खोक्यावरचा आकडा आणि आतलं तांबं

(लातुरात वायरमन आणि सीसीटीव्ही बसवणाऱ्या कारागिरांपुढे केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे पुढचं ऐकताना मी तुम्हाला फार शहाणा वाटणार नाही.

मोंढ्यातल्या एका आडत दुकानाच्या गोदामावर मी फिरणारा कॅमेरा लावला होता. नेटवर्क स्विचपासून, म्हणजे सगळ्या केबली जिथं जोडतात त्या पेटीपासून, अंतर ऐंशी मीटरच्या आसपास. दिवसभर चित्र लख्ख. दिवेलागण झाली की कॅमेरा गायब. दोन मिनिटांनी यायचा, परत जायचा. मालकाला वाटलं, राखणदारच काहीतरी करतोय. त्या बिचाऱ्याची आठ दिवस झोप उडाली. दोष होता मी ओढलेल्या केबलचा. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात, तो वीज जास्त ओढतो. वीजही त्याच लॅन केबलमधून (नेटच्या केबलमधून), पीओईनं, म्हणजे डेटाच्या तारांतूनच वीज देण्याच्या पद्धतीनं, जात होती. व्होल्टेज वाटेतच इतकं पडायचं की कॅमेरा बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचा. केबलच्या खोक्यावर ‘कॅट ६’, म्हणजे सहावी कॅटेगरी, छापलेलं होतं. टोक सोलून ब्लेडनं तार खरवडली, तर लालसर रंगाखालून पांढरी चमक निघाली. ॲल्युमिनियमला तांब्याचा मुलामा. बाजारात ज्याला सीसीए म्हणतात, तोच माल. घेताना मी दोन पैसे वाचवले होते आणि खोका उघडून बघितलंही नव्हतं.

कॅटचा आकडा काय सांगतो ते बघू. केबलमध्ये आठ तारा, चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ. खरं काम हा पीळ करतो. बाहेरचा गोंगाट जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच येतो आणि पलीकडच्या टोकाला एकमेकांतून वजा होतो. कॅट ५ई १०० मेगाहर्ट्‌झपर्यंत, कॅट ६ २५० पर्यंत, कॅट ६ए ५०० पर्यंतच्या कंपनसंख्येच्या सिग्नलला तपासलेली असते. गिऱ्हाईक मेगाहर्ट्‌झ विचारत नाही, ते स्पीड विचारतं. तर एक गिगाबिट, म्हणजे हजार एमबीपीएस, १०० मीटर जायला कॅट ५ई पुरते. गिगाबिटचं ते मानक १९९९ सालचं आहे, इथे बसलेली काही पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती. दहा गिगाबिट लागत असेल, तर कॅट ६ वर ३७ मीटरपर्यंत बिनघोर, केबलांची दाटी नसेल तर ५५ पर्यंत. पूर्ण १०० मीटरला कॅट ६ए. या शंभरात भिंतीतली केबल ९० मीटर आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (उपकरणाला जोडायच्या छोट्या केबली) मिळून १०, हे विसरू नका.

म्हणून कुणी म्हणालं, ‘नवा वायफाय बसवायचाय, जुनी कॅट ५ई सगळी उपटा’, तर थांबा. एका गिगाबिटहून वेगवान वायफायसाठी अडीच गिगाबिटचं मानक २०१६ साली आलं, तेच मुळी जुनी कॅट ५ई भिंतीत राहू द्यावी म्हणून. तार तांब्याची असेल आणि टोकं नीट असतील, तर ती केबल अजून बरीच वर्षं काम देईल.

बरं, कॅट ७ आणि कॅट ८. अभ्यासिकेतली पोरं मोबाइलवर चपटी ‘कॅट ८’ दाखवून विचारतात, ‘काका, ही घेऊ का?’ कॅट ८ चं खरं काम डेटा सेंटरमध्ये, तेही ३० मीटरच्या आत, २५ आणि ४० गिगाबिटसाठी. शंभर एमबीपीएसच्या घरगुती कनेक्शनला ती लावणं म्हणजे शेततळ्याला जायकवाडीचे २७ दरवाजे बसवण्यासारखं झालं. कॅट ७ ला तर अमेरिकन मानकात जागाच नाही. आंतरराष्ट्रीय मानकात तिचे कनेक्टरही निराळे. तेव्हा टोकाला साधा आरजे-४५ (नेहमीचा लॅनचा प्लग) ठोकलेली कॅट ७ कुणी महाग विकायला लागला, तर नमस्कार करून पुढे जा.

तांबं ओळखायचं कसं? ब्लेडनं खरवडा. तार चार-सहा वेळा मागंपुढं वाकवा, सीसीए लवकर तुटते. आणि मोंढ्यात काट्याला काय तोटा, खोका सरळ काट्यावर ठेवा. पेटीत ३०५ मीटर केबल. तेवीस गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप) आठ तारांचं नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या वर भरतं. वरचं प्लास्टिक, मधली फुलीसारखी पट्टी आणि खोका वेगळा. सगळा खोकाच सहा-सात किलोचा निघाला, तर आत काय आहे ते दुकानदाराला विचारायचीही गरज नाही.

आता टोक. क्रिंप करताना, म्हणजे टोकाला प्लग दाबून बसवताना, घाईत आपण दोन-दोन इंच पीळ सोडून बसतो. सोडायचा तो अर्धा इंच, त्याहून जास्त नाही. पिळासाठी पैसे मोजायचे आणि टोकाला आपणच तो उकलायचा, याला काय म्हणावं! एका ठिकाणी गिऱ्हाइकाची तक्रार होती, ‘प्लॅन तीनशेचा, येतात पंचाण्णव’. राउटर बदलला, कंपनीशी भांडण झालं. शेवटी निघालं काय, तर तपकिरी जोडीतली एक तार कनेक्टरमध्ये टेकलीच नव्हती. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभर एमबीपीएसला दोनच. उरलेल्या दोनपैकी एक जोडी गेली की गाडी गुपचूप शंभरावर येते, नेट मात्र चालूच दिसतं. म्हणून ‘लाइट लागला’ म्हणजे काम झालं असं समजू नका. लिंक किती स्पीडची आहे ते बघा.

आपल्या मुलखाचं म्हणून काही वेगळं आहे. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो. ९० मीटरचा हिशेब २० अंशांना धरलेला आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडला पारा ४४-४५ ला जातो. पत्र्याखाली, फॉल्स सीलिंगच्या वर त्याहून जास्त. केबल ६० अंशांना तापली, तर धातूचं आवरण नसलेल्या साध्या यूटीपी केबलचे ते ९० मीटर सुमारे ७५ वर येतात. पत्र्याच्या गोदामात लांबी ताणू नका, मधे एक स्विच द्या. बाहेरून ओढायची असेल तर काळ्या पीई (पॉलिथिलीन) जॅकेटचीच घ्या. घरातली करडी केबल उन्हात तडकते.

शिल्ड केबल, म्हणजे आत धातूचं आवरण असलेली, जिनिंगमध्ये, मोठ्या मोटारींजवळ कामाची, पण अर्थिंग चांगलं असेल तर. आणि उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. खड्ड्यात पाणी कोण टाकणार, हे ठरवूनच शिल्डच्या नादी लागा. दोन इमारतींमध्ये मात्र तांबं नकोच. मृगाच्या आधीच्या वादळात जवळपास वीज पडली, की त्या तारेवरून झटका दोन्हीकडच्या स्विचमध्ये शिरतो. तिथं फायबर टाका. काचेतून वीज वाहत नाही.

मागून प्रश्न आलाय, नव्या घराला कॅट ६ए घालावी का. माझं मत, नको. घरातलं कुठलंही अंतर ३० मीटरच्या वर क्वचितच जातं आणि तिथं दहा गिगाबिट कॅट ६ वरच येतं. ६ए जाड, कोपऱ्यात वळत नाही, मग पोरं ती दाबून मोडतात. वाचलेले पैसे एक इंची पाइपात घाला, त्यात एक मोकळी दोरी सोडून ठेवा, म्हणजे उद्या काही ओढायचं झालं तर भिंत फोडावी लागणार नाही. प्रत्येक खोलीत दोन केबल टाका. आणि गवंडी गिलाव्याला लागायच्या आत टेस्टर लावून चारही जोड्या बघून घ्या. तो थांबत नसेल, तर त्याला चहा पाजा.