अमेरिकन सरकार बंद, मग टेंडरच्या तक्रारीचे 10 दिवस मोजायचे कसे?

(पडद्यावर: वॉशिंग्टन, जी स्ट्रीटवरची मोठी सरकारी इमारत, फूटपाथ रिकामा. आवाज सुरू.)

ही इमारत 441 जी स्ट्रीट. इथे गव्हर्नमेंट अकाउंटॅबिलिटी ऑफिस बसतं, सगळे जीएओच म्हणतात. साधारण आपल्या कॅगसारखं समजा, अमेरिकन सरकारच्या खर्चावर नजर ठेवणारं, 1921 सालापासूनचं. पण कॅगकडे नसलेलं एक काम याच्याकडे आहे, ते म्हणजे टेंडरची भांडणं. आपल्याकडे टेंडर हातचं गेलं आणि त्यात काहीतरी काळंबेरं वाटलं की माणूस हायकोर्टात रिट टाकतो, तिकडे बरेचसे लोक आधी या दारात येतात, कारण कोर्टापेक्षा स्वस्त पडतं आणि 100 दिवसांत निकाल द्यायचं बंधन कायद्यानेच घातलेलं आहे. वर्षाला दोन हजारांच्या आसपास केसेस येतात इथे.

आता 1 ऑक्टोबर 2025 आठवा. तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, खर्चाची मंजुरी दिली नाही आणि सरकारचं शटडाऊन झालं. 43 दिवस. पगार अडकले, विमानं लेट झाली, त्या बातम्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या. पण त्याच दिवसांत टेंडर हरलेल्या कंपन्या एका वेगळ्याच प्रश्नात अडकल्या होत्या. तक्रार करायला तुम्हाला 10 दिवस मिळतात, आणि तक्रार घेणारं ऑफिसच बंद असेल तर ते 10 दिवस धरायचे कुठून कुठपर्यंत?

आणि टायमिंग तरी काय बघा. अमेरिकन सरकारचं आर्थिक वर्ष संपतं 30 सप्टेंबरला. आपल्याकडे मार्च एंडला जे चालतं ना, उरलेला निधी परत जायच्या आत बिलं काढा, वर्क ऑर्डर काढा, तेच तिकडे सप्टेंबरमध्ये चालतं, आणि ढिगाने कॉन्ट्रॅक्टं शेवटच्या आठवड्यात दिली जातात. म्हणजे हरणारेही त्याच आठवड्यात हरतात, त्यांचे 10 दिवस सुरू होतात ते ऑक्टोबरच्या तोंडावर, आणि नेमकं त्याच मुहूर्तावर सरकारला कुलूप लागतं.

(पडद्यावर: ऑक्टोबर 2025 चं कॅलेंडर.)

एक उदाहरण घेऊ. समजा एका छोट्या आयटी कंपनीला 30 सप्टेंबरला, मंगळवारी, ईमेल आला की काम दुसऱ्याला गेलं, आणि का गेलं तेही त्यातूनच कळलं. दुसऱ्या दिवसापासून मोजायचं, शनिवार-रविवार धरून. दहावा दिवस येतो शुक्रवार, 10 ऑक्टोबर. एरवी त्या दिवशी वॉशिंग्टनच्या घड्याळात संध्याकाळचे साडेपाच वाजायच्या आत तक्रार, म्हणजे प्रोटेस्ट, पोचायला हवा. 5 वाजून 31 मिनिटांनी पोचला तर तो दुसऱ्या दिवशीचा धरतात, म्हणजे गेलाच. (पुण्यात बसून अमेरिकन टीमसोबत काम करणाऱ्यांसाठी सांगतो, ऑक्टोबरमध्ये ती वेळ आपल्याकडची पहाटे 3 ची असते.)

पण 10 ऑक्टोबरला जीएओ बंद होतं. यावर त्यांच्या नियमात सरळ उत्तर आहे: शेवटच्या दिवशी ऑफिस पूर्ण दिवस किंवा दिवसाचा काही भाग जरी बंद असेल, तर मुदत ऑफिस पुन्हा उघडेल त्या दिवसापर्यंत जाते. बर्फामुळे बंद असो की पैसे संपल्यामुळे. 2013 च्या ऑक्टोबरमध्ये 16 दिवसांचं शटडाऊन झालं तेव्हाही हेच झालं होतं. म्हणजे आपल्या कंपनीची 10 ऑक्टोबरची डेडलाईन सरकून थेट नोव्हेंबरच्या मध्यावर गेली.

चला, सुटलो. असं वाटतं ना?

इथेच गोची आहे, आणि मला विचाराल तर सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. प्रोटेस्ट करण्यामागे कंपनीला नुसता न्याय नको असतो, तिला ते काम थांबवायचं असतं. 1984 च्या कायद्यात त्याची सोय आहे, प्रोटेस्ट वेळेत झाला की काम आपोआप थांबतं, स्टे मागायला कोर्टात जावं लागत नाही. (फार निकड आहे असं लिहून खातं तो स्टे बाजूला सारू शकतं, ते वेगळं.) पण या स्टेचं घड्याळ वेगळं आहे. कॉन्ट्रॅक्ट दिल्यापासून 10 दिवसांत, किंवा डीब्रीफिंगसाठी, म्हणजे का हरलात ते समजावून सांगायला, दिलेल्या तारखेपासून 5 दिवसांत, जीएओकडून त्या खात्याला कळलं पाहिजे की प्रोटेस्ट आलाय. आणि ही मुदत काँग्रेसच्या कायद्यातली आहे, जीएओच्या नियमातली नाही, त्यामुळे जीएओ आपल्या दारातली तारीख पुढे ढकलतं, ही ढकलू शकत नाही.

म्हणजे काय होतं बघा, नोव्हेंबरपर्यंत वाट बघणाऱ्या कंपनीची तक्रार वेळेत आलेली धरली जाणार, नीट ऐकलीही जाणार, पण तोवर जिंकलेल्या कंपनीने माणसं भरलेली, लॅपटॉप वाटलेले, दीड महिना काम चालू. मग तक्रार खरी ठरली तरी ते सगळं उलटं फिरवायला कोण तयार होतंय? म्हणून वकील सांगत राहतात की मुदत वाढली म्हणून खूश होऊ नका, तारखा अशा पाळा जणू शटडाऊन नाहीच.

डीब्रीफिंग म्हणजे तुम्ही का हरलात ते खात्याने समजावून सांगणं. मोठ्या बिडमध्ये ते हक्काने मिळतं, पण निकाल कळल्यापासून 3 दिवसांत लेखी मागावं लागतं. पलीकडचा अधिकारी घरी बसवलेला असला तरी ईमेल त्या 3 दिवसांत टाकायचाच. उत्तर येईल तेव्हा येईल. मागितलंच नाही, तर पुढच्या मुदतीचा फायदाही गेला.

(पडद्यावर: बर्फातलं वॉशिंग्टन, जानेवारी.)

आता 2018 चं शटडाऊन, 22 डिसेंबर ते पुढच्या वर्षी 25 जानेवारी, 35 दिवस, ट्रम्प यांच्या सीमेवरच्या भिंतीच्या पैशांवरून पेटलेलं. नाव तेच, शटडाऊन, पण यावेळी जीएओ चालू होतं! कारण जीएओ राष्ट्राध्यक्षांच्या हाताखाली नाही, काँग्रेसच्या हाताखाली आहे, आणि काँग्रेसच्या ऑफिसांचं बजेट त्या वर्षी सप्टेंबरमध्येच पास झालं होतं. संरक्षण खात्याकडेही पैसे होते, पण गृहसुरक्षा, शेती, न्याय अशी खाती बंद. म्हणजे ज्या खात्याने तुम्हाला हरवलं तिथे फोन उचलायला माणूस नाही, आणि जीएओचे 10 दिवस मात्र नेहमीसारखे पळतायत. टीव्हीवर सरकार बंद ऐकून जो निवांत बसला असेल त्याची मुदत तिथेच संपली. खात्यांना उत्तर द्यायला मात्र केस बघून जास्त वेळ मिळत होता, म्हणजे सवलत सरकारी बाजूला आणि घड्याळ तुमच्या बाजूला, आता यावर काय बोलणार.

दुसरा रस्ता कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्सचा, म्हणजे सरकारविरुद्धचे दावे ऐकणाऱ्या कोर्टाचा. कोर्टं लगेच बंद पडत नाहीत, फी वगैरेचे साठलेले पैसे असतात त्यावर काही आठवडे निघतात. 10 दिवसांची अट तिथे नाही, पण आपोआप स्टेही नाही, न्यायाधीशांना पटवून मनाई हुकूम मिळवावा लागतो आणि वकिलांची बिलं बघून छोटा धंदेवाला दोनदा विचार करतो. शिवाय सरकारतर्फे उभे राहणारे न्याय खात्याचे वकीलच बिनपगारी घरी, ते येऊन तारीख पुढे मागणार.

12 नोव्हेंबर 2025 च्या रात्री ज्या कायद्यावर सही होऊन ते 43 दिवसांचं शटडाऊन संपलं, त्यात बऱ्याच खात्यांना फक्त 30 जानेवारीपर्यंतचे पैसे मिळाले. काँग्रेसच्या ऑफिसांना मात्र, आणि त्यांच्यासोबत जीएओला, 30 सप्टेंबर 2026 पर्यंतचे. म्हणजे त्या काळात बाकीच्या खात्यांना पुन्हा कुलूप लागलं तरी, 2018 सारखंच, जीएओ चालू आणि 10 दिवसांचं घड्याळही चालू.

(पडद्यावर: तीच इमारत, दारं उघडी, लोक आत जातायत.)