परसात घूस शिरते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

भातकापणी आटोपली, खळ्यावरची झोडणी संपली आणि शेते मोकळी झाली, की तोवर बांधाच्या पोटात राहून लोंब्यांवर जगणारे उंदीर आणि घुशी वस्तीकडे वळतात. वाटेत त्यांना सर्वांत आधी लागते ते आपले परस. तिथे सांडपाण्याची ओल असते, कोंबड्यांपुढे टाकलेली कणी असते, सरपणाची रास असते आणि दिवेलागणीनंतर माणसांचा वावर नसतो. या परसातल्या उंदरांच्या बंदोबस्ताविषयी आज बोलायचे आहे, आणि त्यातली मुख्य गोष्ट मी आरंभीच सांगतो. उंदीर परसात येतो तो खाण्यासाठी येतो, आणि ते खाणे तिथे मिळत राहील तोवर एक मारला तर त्याच्या जागी दुसरा येईल. म्हणून आधी त्याचे खाणे तोडायचे. मारण्याचा विचार त्यानंतर.

आपल्या परसात कोण आले आहे, हे मात्र नीट पाहावे. माडावर आणि कौलांवर सरसर चढतो, ज्याची शेपटी अंगाहून लांब असते, तो घरउंदीर. जमीन पोखरून बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग घालते ती घूस. लांब नाकाची, चिरक्या आवाजाची, भिंतीच्या कडेकडेने धावणारी चिचुंद्री ही मुळात उंदीरच नव्हे. ती झुरळे आणि किडे खाते. तिचा वास सोसवत नाही हे खरे, पण तेवढ्यासाठी तिला मारू नये.

आता घुशीविषयी जे मला ठाऊक आहे, त्यातले बहुतेक मी एका कातकरी म्हाताऱ्या गृहस्थांकडून शिकलो, ती हकिगत सांगतो. रायगड जिल्ह्यात माझ्या मामांचे घर आहे. मागे परस, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेले अळू, त्यापलीकडे कोंबड्यांचे खुराडे, आणि घराच्या जोत्याला अगदी टेकून रचलेली पेंढ्याची उडवी, अशी तेव्हाची मांडणी होती. एका वर्षी घुशींनी ते जोते इतके पोखरले की न्हाणीची फरशी एका बाजूने खचली. मामांनी झिंक फॉस्फाइड या उंदीर मारण्याच्या विषाची काळी पूड पिठात कालवून गोळ्या ठेवल्या. पहिल्या रात्री एक घूस मेली, आणि त्यानंतर त्या गोळ्यांना कोणी तोंड लावीना. इकडे मामींच्या जिवाला घोर लागलेला, कारण त्याच परसात कोंबड्या चरायच्या आणि नातवंडे खेळायची.

लावणी-कापणीच्या कामाला येणारे ते वृद्ध गृहस्थ, ज्यांना घरातले सगळे बाबा म्हणत, एकदा सहज परसात डोकावले. त्यांनी कुदळ मागितली नाही, विष मागितले नाही. बादलीभर चिखल कालवून द्या, एवढेच म्हणाले. तिन्हीसांजेला त्यांनी दिसेल ते बीळ चिखलाने लिंपून टाकले आणि मामांना म्हणाले, “सकाळी जे दार उघडेल, ते नांदतं घर.” दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही सगळे त्यांच्या मागोमाग परसात गेलो. बहुतेक बिळांवरचा चिखल तसाच वाळलेला होता. मोजक्याच ठिकाणी तो फोडून आतून ओली, भुरभुरीत माती बाहेर लोटलेली होती. आम्ही इतके दिवस प्रत्येक भोकाशी गोळ्या ठेवत होतो, आणि त्यातली बहुतेक भोके ओस पडलेली होती.

पुढचे काम मी अगदी जवळून पाहिले. बाबांनी उघड्या बिळापासून चालत जाऊन टाचेने जमीन दाबायला सुरुवात केली. अडुळशाच्या कुंपणाशी एका जागी माती पापडीसारखी आत गेली. घूस पळून जाण्यासाठी एक वाट खणून ठेवते आणि तिच्या तोंडावर मातीचा पातळ थर राहू देते, म्हणजे वेळ येताच ती डोक्याने तो फोडून बाहेर पडते. ती जागा सापडल्यावर त्यांनी नातवाला जाळे देऊन तिथे बसवले आणि मग कुठे पहार हाती घेतली. बोगदा सरळ नव्हता. खुराड्याखालून वळसा घेऊन तो जोत्याच्या दगडांत शिरला होता. मध्ये एका पोकळीत भाताच्या लोंब्या हाताने कोंबाव्यात तशा दाबून भरलेल्या होत्या. कोपर बुडेल एवढा हात आत घालून बाबांनी त्या ओंजळीओंजळीने बाहेर काढल्या. ते भात आणि पकडलेल्या घुशी हीच त्यांची मजुरी होती. जमिनीचा पोत, बिळाची दिशा आणि जनावराची सवय यांची ही जाण कृषी शाखेच्या वर्गात आदराने शिकवली गेली पाहिजे, असे माझे मत आहे. आपण तिच्याकडे निव्वळ गरिबीची खूण म्हणून पाहतो, याचे मला फार वाईट वाटते.

निघताना बाबांनी खुराड्याभोवती सांडलेल्या कणीकडे आणि मग उडवीकडे बोट दाखवले. “हे इथं आहे तोवर दुसरी घूस ह्याच घरात राहायला येईल,” असे ते म्हणाले. झोडलेल्या पेंढ्यातही पुष्कळ लोंब्या राहून गेलेल्या असतात, आणि ती उडवी तर बिळाच्या माथ्यावरच होती. मामांनी उडवी घरापासून लांब, लाकडी माचावर नेली. मामी कोंबड्यांना दुपारी खाऊ घालून उरलेली कणी दिवस मावळण्यापूर्वी झाडून उचलू लागल्या. बिळे फुटक्या काचा आणि खडी ठासून भरून वरून सिमेंटने बुजवली. त्यानंतर जोत्याशी नवी माती दिसली नाही.

विष का फसले, तेही थोडक्यात सांगतो. नवे खाणे उंदीर आधी थोडेसेच चाखतो, आणि त्रास झाला तर पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. म्हणून झिंक फॉस्फाइड वापरायचेच असेल, तर आधी दोन-तीन दिवस तेच धान्य तेल लावून, विषाशिवाय, फक्त नांदत्या बिळाशी ठेवावे लागते. या विषावर उतारा नाही, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. ब्रोमॅडिओलोन या दुसऱ्या विषाच्या वड्यांचा परिणाम काही दिवसांनी होतो, त्यामुळे उंदराला संशय येत नाही. पण तो मरणारा उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडालाही बाधा होते. गव्हाणी घुबड आणि धामण हे आपल्या परसाचे खरे राखणदार आहेत. धामण बिनविषारी आहे, ती गाईचे दूध पीत नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये तिला संरक्षण आहे. चिकट पुठ्ठे तर मी कोणालाच सुचवणार नाही, कारण त्यांवर पाली आणि लहान पाखरेही तडफडून मरतात.

माडांवर उंदीर चढत असतील तर बुंध्याला जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंचीवर चाळीस सेंटिमीटर रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळावा. शेजारच्या झाडाच्या झावळ्या त्या माडाला भिडत असतील तर मात्र या पत्र्याचा उपयोग होत नाही. न्हाणीच्या मोरीला पाव इंची जाळी बसवावी. आणि पुन्हा सांगतो, खरकटे आणि कणी रात्री उघड्यावर राहू देऊ नये. आधी खाणे तोडायचे.

शेवटी आरोग्याविषयी. उंदीर-घुशींच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा जंतूंमुळे होणारा आजार पसरतो. मुंबईत जुलै २००५ च्या महापुरानंतर त्याची साथ आली होती, आणि कोकणात तर तो पावसाळ्याचा नेहमीचा धोका आहे. हे जंतू ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात टिकतात आणि पायावरच्या लहानशा जखमेतून शरीरात शिरतात. म्हणून परसात काम करताना गमबूट घालावेत, मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये, आणि तो खोल पुरून हात साबणाने धुवावेत. ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर अंगावर न काढता त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि आपल्या परसात उंदीर आहेत, हे डॉक्टरांना त्यांनी विचारण्याआधीच सांगावे.

नमस्कार.