बेअरिंग गेलंय की नुसतं तेल चिकटलंय? ग्लो इंजिनची तपासणी

नमस्कार. मॉडेल विमानाचं ग्लो इंजिन, म्हणजे मिथेनॉलच्या इंधनावर चालणारं छोटं इंजिन, हातात आलं की बहुतेक जण पंखा धरून वरखाली हलवतात. थोडा हलला की लगेच निकाल: बेअरिंग गेलं. बॉल बेअरिंगच्या इंजिनात ही परीक्षा फसवी आहे. चांगल्या बेअरिंगलाही किंचित प्ले (मोकळी हालचाल) असतोच, आणि गंजलेलं बेअरिंग कधीकधी अजिबात हलत नाही. इथे निकाल द्यायचा तो खरखरीवरून.

आधी ग्लो प्लग (इंधन पेटवणारा, तापत्या तारेचा प्लग) काढा, कॉम्प्रेशन राहिलं तर बोटांना काही कळणार नाही. मग इंजिन धुवा. एरंडेल तेल वाळून चिकटलं की शाफ्ट जड फिरतो आणि खरखर त्या थरात दबून जाते. कार्ब्युरेटरमधून मिथेनॉल सोडा, शाफ्ट फिरवा, ओतून टाका. हे दोन-तीनदा करा. हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून, आगीपासून लांब. मिथेनॉल विषारी आहे आणि कातडीतूनही शरीरात जातं.

आता पंखा उतरवा. त्याच्या जागी वॉशर भरून नट कसा, म्हणजे प्रॉप ड्रायव्हर (पंख्यामागची चकती) पुढच्या बेअरिंगवर नीट दाबून बसेल. नट सैल असताना शाफ्ट मागेपुढे सरकतो, त्याला झीज समजू नका.

(क्लोज-अप: प्रॉप ड्रायव्हरवर दोन बोटं)

पिस्टन खाली असताना शाफ्ट अगदी हळू, थोडा इकडे थोडा तिकडे फिरवा. वर नेऊ नका. एबीसी इंजिनात (ॲल्युमिनियमचा पिस्टन, क्रोम चढवलेला पितळी लायनर) पिस्टन टोकाला पोचताना लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, मुद्दाम अरुंद असतो, तिथला घट्टपणा बेअरिंगचा नाही. खाली मात्र फिरणं लोण्यासारखं हवं. वाळूचे कण दळल्यासारखं लागलं, एखाद्या जागी अडकलं, तर पुन्हा एकदा धुवा. तरीही तेच, तर बेअरिंग बदलायचं. आणि पिस्टन वर असताना शाफ्ट इकडेतिकडे हलवल्यावर टकटक आली, तर आधी संशय पिस्टन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडवर.

खात्री करायला बॅकप्लेट, म्हणजे इंजिनचं मागचं झाकण, उघडा. मागच्या बेअरिंगच्या छर्‍यांवर, त्यांना धरणाऱ्या केजवर तांबूस डाग दिसतात का बघा. बॅकप्लेटच्या आतल्या बाजूला क्रँकपिन (शाफ्टची पिन, जिच्यावर कनेक्टिंग रॉड बसतो) घासल्याची गोल खूण आहे का तेही बघा. पुसट खूण स्टार्टरच्या दाबानंही पडते. खोल, चकचकीत असेल तर गंभीर.

मागचंच बेअरिंग आधी का जातं? ते उघडं असतं आणि इंधनाच्या वाफेतच जगतं. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, नायट्रोमिथेन जळून उरलेला भाग आम्लधर्मी असतो, आणि हे सगळं केसमध्ये (शाफ्टभोवतीच्या इंजिनच्या कवचात) साचतं. म्हणजे बेअरिंग फिरून झिजण्याआधी कपाटात पडून गंजतं. म्हणून दिवसाचं शेवटचं उड्डाण झालं की इंधनाची नळी काढून इंजिन कोरडं पडेपर्यंत चालवा आणि लगेच आफ्टर-रन तेल (गंज रोखणारं तेल) घाला.

साध्या बुशच्या इंजिनाचं, म्हणजे बॉल बेअरिंगऐवजी नुसत्या धातूच्या नळीत शाफ्ट फिरतो त्याचं, गणित वेगळं. तिथे खरखर नसते, झीज गुपचूप वाढते, आणि इथे मात्र प्ले बघायचाच. शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे पातळ तेलाचा एक थेंब ठेवा आणि पिस्टन वरून खाली आणा. केसमधला दाब वाढून एखाददुसरा बुडबुडा आला तर चालेल. भराभर आले, तर फट मोठी झाली. चालू इंजिनात हेच पुढून उडणाऱ्या इंधनानं आणि बिघडलेल्या आयडलनं (सर्वांत कमी वेगाच्या चालण्यानं) कळतं. फटीतून आत हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, आणि लो-स्पीड नीडल (कमी वेगाचं मिश्रण ठरवणारी सुई) कितीही फिरवली तरी सेटिंग टिकत नाही.

नवीन बॉल बेअरिंग घेताना रिंगवरचा नंबर जुळवा आणि सी३ क्लिअरन्सचं (आत नेहमीपेक्षा थोडी जास्त मोकळीक असलेलं) घ्या. मागचं दोन्ही बाजूंनी उघडं हवं. बसवताना हातोडी नको. सगळे भाग सुटे करून, रबर-प्लास्टिक काढून, नुसता केस ओव्हनमध्ये सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापवा. ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगतं. जाड हातमोजे घालून केस सरळ लाकडावर आपटला की जुनं बेअरिंग आपोआप खाली पडतं आणि नवीन हलक्या दाबानं आत बसतं.